एका 'रिप्यूडिएट'वर पारखलेले शब्दकोश

नवा इंग्रजी शब्दकोश हाती आला, मग तो छापील असो की फोनवरचा, की मी आधी त्यात 'रिप्यूडिएट' काढून बघते. करारनामे, नोटिसा, विमा कंपन्यांची पत्रं यांची भाषांतरं करणं हा माझा धंदा, त्यामुळे हा शब्द माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला. पण परीक्षेसाठी तोच घेण्याचं कारण वेगळं आहे. 'टेबल' किंवा 'धावणे' कुठलाही कोश बरोबर सांगतो. अवघड शास्त्रीय संज्ञाही बहुतेक ठिकाणी बिनचूक मिळतात, कारण त्यांचा अर्थ एकच आणि आखीव असतो. कोशाचा कस लागतो तो अशा शब्दावर, ज्याचा अर्थ एका शब्दात सांगता तर येतो पण तेवढ्याने भागत नाही. 'रिप्यूडिएट म्हणजे नाकारणे.' याला चूक म्हणता येणार नाही. मात्र एवढ्या भांडवलावर कुणी इंग्रजी वाक्य लिहायला बसलं, तर ते तोंडावर आपटण्याची शक्यता बरीच.

आमंत्रण नाकारता येतं. नोकरीचा अर्ज नाकारता येतो, मदत नाकारता येते, पुढे केलेला हात नाकारता येतो. यातलं काहीही इंग्रजीत सहसा रिप्यूडिएट करत नाहीत. त्यासाठी आधी काहीतरी नातं असावं लागतं, खरं किंवा लोकांनी परस्पर जोडलेलं. सही केलेला करार, डोक्यावरचं कर्ज, आपल्या नावावर खपवलं जाणारं विधान, आपल्याच पक्षाचं जुनं धोरण, पोटचा मुलगा. या गोष्टी अंगाला चिकटलेल्या असतात, आणि माणूस चारचौघांत जाहीर करतो, की ही मला लागू नाही, हिचा माझा संबंध नाही. तेव्हा माझी परीक्षा एवढीच: नोंद वाचून हे नातं कळतं का? क्रियापदाच्या पुढ्यात काय बसू शकतं आणि काय बसू शकत नाही, याचा अंदाज येतो का? व्याख्या किती सुबक आहे, हे मी नंतर बघते.

या परीक्षेत पहिला नंबर कॉलिन्सच्या कोबिल्डचा. हा कोश 1987 मध्ये पहिल्यांदा आला. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली, प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीचा मोठा साठा संगणकावर गोळा करून तो रचला गेला. त्याची ख्याती म्हणजे व्याख्या तुकड्यांत न देता सबंध वाक्यात देणं. म्हणजे 'नाकारणे, अमान्य करणे' असं न लिहिता तो साधारण असं सांगतो: तुम्ही एखाद्या गोष्टीला किंवा माणसाला रिप्यूडिएट करता, तेव्हा तुमचा तिला ठाम विरोध आहे आणि तिच्याशी तुम्हाला कसलाही संबंध नको आहे, हे तुम्ही दाखवून देता.

या एका वाक्यात किती मसाला आहे बघा. 'गोष्टीला किंवा माणसाला' म्हटल्याबरोबर कर्म काय असू शकतं ते कळलं. 'संबंध नको' म्हटल्यावर नात्याचा मुद्दा आलाच. आणि 'दाखवून देता' हे मला सगळ्यात आवडलं. मनातल्या मनात माणूस कशाचाही तिटकारा करू शकतो. रिप्यूडिएट मात्र मनातल्या मनात होत नाही. ते बोलावं लागतं, लिहावं लागतं, निदान वागण्यातून दिसावं लागतं. शिकवणाऱ्या माणसाने समोर बसून समजवावं तशी ही व्याख्या आहे. सबंध वाक्यं लिहायची म्हणजे जागा जास्त लागते आणि काहींना ते पाल्हाळ वाटतं. मला वाटत नाही.

उणीव आहे ती दुसरीच. 'ठाम विरोध' हा भाग मतांना, विचारांना, वक्तव्यांना चपखल बसतो. कर्जाला बसत नाही. एखादं सरकार आधीच्या राजवटीचं कर्ज रिप्यूडिएट करतं, तेव्हा त्या सरकारचे कर्जाशी मतभेद नसतात हो, त्याला पैसे द्यायचे नसतात. कॉलिन्सच्या संकेतस्थळावर त्याच पानावर खाली ब्रिटिश आणि अमेरिकन इंग्रजीच्या आणखी नोंदी एकाखाली एक लावलेल्या असतात आणि कर्जाचा अर्थ तिथे सापडतो. पण तिथवर बोट सरकवत जाणारे वाचक किती? पहिल्या व्याख्येवर समाधान मानून पान बंद करणारेच बहुसंख्य.

ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन यांचे शिकणाऱ्यांसाठीचे कोश मी एकाच दमात उरकते, कारण या शब्दापुरते ते सख्खी भावंडं आहेत. तिन्ही ठिकाणी शब्दावर 'फॉर्मल' असा शिक्का आहे आणि तो योग्यच आहे; घरातल्या भांडणात कुणी रिप्यूडिएट करत नाही. तिन्ही ठिकाणी उच्चार ऐकता येतो: रि-प्यू-डि-एट, आघात 'प्यू'वर. आपल्याकडे पुष्कळ जण मधला 'डि' गिळून 'रेप्युडेट' म्हणतात, त्यांनी तेवढं एकदा ऐकून घ्यावं. केंब्रिजची उदाहरणं मला आवडतात, कारण त्यात आरोप, दावा, शेरे अशी नेमकी कर्मं येतात. जिथे व्याख्या मुकी राहते तिथे उदाहरण बोलतं, हे या घराण्याला चांगलं कळलेलं आहे.

ऑक्सफर्डच्या कोशाबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. त्याचे मूळ कर्ते ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. त्यांचा कोश 1942 मध्ये तिथेच निघाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने छापला. हॉर्नबींचा सगळा ध्यास होता क्रियापदांच्या साच्यांचा: कुठल्या क्रियापदापुढे नाम येतं, कुठल्यापुढे 'टू' लावून दुसरं क्रियापद येतं, कुठल्यापुढे 'दॅट'चं वाक्य. परक्या भाषेत माणूस अर्थापेक्षा याच ठिकाणी जास्त अडखळतो, हे वर्गात उभं राहिलेल्या माणसालाच समजतं. आपला शब्द या बाबतीत कडक आहे. त्याला पुढे नाम लागतं. 'ही रिफ्यूज्ड टू पे' हे ठीक, पण 'ही रिप्यूडिएटेड टू पे' हे इंग्रजी नव्हे. 'पैसे द्यायला नकार दिला' असं सांगायचं असेल तर रिफ्यूज; 'ते देणंच मानलं नाही' असं सांगायचं असेल तर 'रिप्यूडिएटेड द डेट'. मराठीत दोन्हीकडे 'नाकारलं' चालून जातं, म्हणून आपल्या माणसांचा इथे हमखास घोळ होतो.

या तिघांत एक गोष्ट मला हवी होती ती मिळाली नाही: 'इथे वापरू नका' अशी पाटी. कशासाठी वापरायचं हे उदाहरणांवरून कळतं, कशासाठी वापरायचं नाही हे वाचकाने ताडायचं. एरवी मी हे मनावर घेतलं नसतं. पण हल्ली माणसं कोश उघडतच नाहीत. लिहिता लिहिता बाजूला पर्यायी शब्द सुचवणारी ॲप्स आहेत, आणि ती 'अधिक औपचारिक शब्द' म्हणून काय पुढे करतील याचा नेम नाही. ओळखीतल्या एका संस्थेच्या कार्यालयातून एक पत्र बाहेर पडण्याआधी नजर टाकायला म्हणून माझ्याकडे आलं. अध्यक्षांना एका समारंभाला जाणं जमत नव्हतं. लिहिणाऱ्याने बिचाऱ्याने आधी 'डिक्लाइन' असा बरोबर शब्द लिहिला होता. ॲपने त्याहून वजनदार पर्याय दाखवला, त्याने तो दाबला, आणि वाक्य झालं 'वुई रिप्यूडिएट युअर काइंड इन्व्हिटेशन'. मराठीत सांगायचं तर 'आपल्या प्रेमळ निमंत्रणाशी आमचा काडीमात्र संबंध नाही'. त्या ॲपचं नाव घेत नाही. या कामात ती सगळी एकाच माळेचे मणी आहेत. त्यांच्या लेखी रिजेक्ट, रिफ्यूज, डिक्लाइन, स्पर्न, रिप्यूडिएट हे सगळे एका टोपलीतले.

ही टोपली नीट निवडून ठेवण्याचं काम मेरियम-वेबस्टर हा अमेरिकन कोश करतो. त्याच्या संकेतस्थळावर नोंदीच्या खाली समानार्थी शब्दांची एक टिपण असते, आणि माझ्या मते या शब्दावर सर्वसामान्य वाचकासाठी लिहिलेलं ते सर्वोत्तम काम आहे. पाच क्रियापदं घेतली आहेत. डिक्लाइन म्हणजे सौजन्याने दिलेला नकार, बहुधा आमंत्रणाला किंवा देऊ केलेल्या गोष्टीला. रिफ्यूज त्याहून ठाम, थोडा रुक्ष. कुणीतरी काही मागितलेलं असतं आणि ते द्यायचं नसतं. रिजेक्ट म्हणजे फेकून देणं, परत धाडणं. रिप्यूडिएट म्हणजे खोटं, अनधिकृत किंवा स्वीकारायला अपात्र ठरवून झटकून टाकणं, 'माझं नाही' म्हणणं. स्पर्नमध्ये तुच्छता आली.

रिप्यूडिएटची ती तीन कारणं, म्हणजे खोटं, अनधिकृत, अपात्र, पाठच करून ठेवावी. आरोप रिप्यूडिएट होतो तो खोटा म्हणून. सही रिप्यूडिएट होते ती आपण अधिकारच दिला नव्हता म्हणून. एखादी विचारसरणी रिप्यूडिएट होते ती अंगीकारायच्या लायकीची नाही म्हणून. वाक्य लिहिताना यातलं एकही कारण लागू होत नसेल, तर शब्द बदलायचा. माझ्या कामात हा चाळा मला सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

या टिपणीत 'रिनाउन्स'ही हवा होता, कारण खरी सरमिसळ त्याच्याशी होते. रिनाउन्स करायचं ते आपलं असतं, आणि आपण ते सोडतो: हक्क, नागरिकत्व, गादी. आठव्या एडवर्डने 1936 मध्ये राजत्याग केला, त्या दस्तऐवजात 'रिनाउन्स' आहे. राज्य त्याचंच होतं, ते त्याने सोडलं. तिथे 'रिप्यूडिएट' लिहिलं असतं तर अर्थ झाला असता, की हे सिंहासन मी मानतच नाही.

आता व्युत्पत्ती. इथे दोन कोशांत चक्क मतभेद आहेत आणि मला ते वाचायला फार आवडतात. लॅटिन 'रेपुडियुम' म्हणजे ठरलेला वधू-वर नाकारणं किंवा सोडचिठ्ठी, इथपर्यंत सगळे एकत्र. तो शब्द कशावरून आला, यावर मेरियम-वेबस्टर म्हणतो, बहुधा लाज वाटणे या अर्थाच्या 'पुदेरे' धातूवरून. एटिमऑनलाइन हा व्युत्पत्तींचा कोश म्हणतो, लाजेशी जोडलेला तो संबंध लोकांनी मागाहून लावलेला. मूळ बहुधा पायाशी, म्हणजे लाथेने दूर सारण्याशी असावं. दोघंही 'बहुधा' म्हणतात हे विशेष. खात्री नसताना खात्रीचा आव न आणणारा कोश मला विश्वासाचा वाटतो. आणि पायाचा तर्क खरा असेल तर मजा आहे, कारण शेजारचा 'स्पर्न' निर्विवादपणे लाथेतूनच आलेला आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पायाने मारणं. आपलं 'लाथाडणे' त्याच वाटेने आलं, यात नवल नाही, माणसाचा पाय सगळीकडे सारखाच.

सोडचिठ्ठीचा धागा मात्र पक्का आहे. रोमन लोकांत जोडीदाराला सोडताना म्हणायचं एक ठरलेलं वाक्य होतं: 'तुझ्या वस्तू तुझ्याजवळ ठेव.' ऑगस्टसच्या काळातल्या कायद्याने असा त्याग सात वयात आलेल्या रोमन नागरिकांच्या साक्षीने करावा असं ठरवलं. साक्षीदार, ठरीव वाक्य, नात्याचा जाहीर शेवट. कोबिल्डमधलं 'दाखवून देता' इथून चालत आलेलं दिसतं. इंग्रजीत सोळाव्या शतकात हे क्रियापद आलं तेही बायको सोडण्याच्या अर्थानेच. मतं, आरोप, कर्जं हे सगळं नंतरचं. मराठीत 'काडीमोड' शब्दाचा प्रवास असाच झाला: आता आपण पक्षांच्या युतीचीही काडीमोड होते असं सहज लिहितो. जुने अर्थ आधी आणि नवे मागाहून, असा क्रम लावणारे ऐतिहासिक कोश वाचताना मात्र सावध राहावं. त्यातला पहिला अर्थ सगळ्यात जुना असतो, सगळ्यात प्रचलित नव्हे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी, जिचा पहिला भाग 1884 मध्ये निघाला आणि शेवटचा 1928 मध्ये, ती अशीच रचलेली. तिच्यात डोकावायला वर्गणी लागते, आणि पत्र लिहायला बसलेल्या माणसाला तिचा उपयोग शून्य. शब्दाचं कुळ शोधणाऱ्याने मात्र तिच्याकडेच जावं.

कायद्याच्या कामाला यातलं काही पुरत नाही. तिथे ब्लॅक्स लॉ डिक्शनरी. हेन्री कॅम्पबेल ब्लॅक यांनी 1891 मध्ये काढलेला हा कोश करारातल्या 'रिप्यूडिएशन'ला असा धरतो: करार पुढे पाळायचा नाही असा इरादा शब्दांतून किंवा कृतीतून दिसणं. 'पुढे' या शब्दाकडे लक्ष द्या. करार मोडणं वेगळं, आणि मोडण्याची वेळ यायच्या आधीच 'मी पाळणार नाही' म्हणून टाकणं वेगळं. हा फरक ज्या खटल्याने पक्का केला तो 'हॉक्स्टर विरुद्ध द ला तूर', 1853 सालचा. युरोपच्या प्रवासात सोबतीला राहण्यासाठी हॉक्स्टरला नेमलं होतं. काम 1 जून 1852 ला सुरू व्हायचं होतं. 11 मे रोजी मालकाने कळवलं, तुमची गरज नाही. हॉक्स्टरने 22 मे रोजी दावा लावला. मालकाचं म्हणणं असं, की जून उजाडलेला नाही, मी अजून काही मोडलेलंच नाही, मग दावा कसला? कोर्टाने ते मानलं नाही. एकदा तुम्ही करार झुगारला की समोरच्याने तारखेची वाट बघत हात बांधून बसायची गरज नाही.

ही गोष्ट मी सहकाऱ्यांना सांगते, कारण त्यानंतर त्यांच्या हातून 'रिप्यूडिएशन ऑफ कॉन्ट्रॅक्ट'चं भाषांतर 'करारभंग' असं होत नाही. मी 'करार झुगारणे' लिहिते; कुणी 'करार अव्हेरणे' लिहितात, तेही छान आहे, फक्त वाचणाऱ्याला जरा जुनं वाटतं. ब्लॅक्समध्ये आणखी एक सोय म्हणजे रिप्यूडिएशन, रिसिजन आणि टर्मिनेशन यांच्या नोंदी शेजारी ठेवून वाचता येतात. रिसिजनमध्ये करार पुसला जातो, टर्मिनेशनमध्ये तो थांबतो, रिप्यूडिएशनमध्ये एकाने पाठ फिरवलेली असते पण पुढे काय करायचं ते दुसऱ्याच्या हातात असतं. कोश महाग आहे आणि वजनदार आहे, दोन्ही अर्थांनी. कायद्याशी संबंध नसलेल्याने घेऊ नये.

विम्याच्या पत्रात 'रिप्यूडिएट' दिसला की माणसं घाबरतात, आणि सर्वसाधारण कोश त्यांना धीर देत नाहीत. तिथे आधी कर्म बघायचं. 'द क्लेम इज रिप्यूडिएटेड' म्हणजे या दाव्याचं देणं आमच्यावर लागू होत नाही असं कंपनी म्हणते. पॉलिसीच झुगारली असेल तर प्रकरण फार मोठं. एका नामाच्या फरकाने पत्राचं वजन बदलतं, आणि कामचलाऊ भाषांतरात दोन्हीकडे 'नामंजूर' एवढंच येतं.

कर्जाबाबत तर हा शब्द इतिहासाची पानं घेऊन येतो. थकवणं आणि झुगारणं यांत इंग्रजी काटेकोर फरक करतं: डिफॉल्ट म्हणजे देणं मान्य आहे पण दिलं नाही, रिप्यूडिएट म्हणजे देणंच मान्य नाही. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याने 1842 मध्ये युनियन बँकेसाठी काढलेल्या 50 लाख डॉलरच्या रोख्यांचं देणं झुगारलं. युक्तिवाद असा, की ते रोखे राज्यघटना डावलून काढले गेले होते. मेरियम-वेबस्टरचं 'अनधिकृत' ते हेच. सोव्हिएत सरकारने फेब्रुवारी 1918 मध्ये झारच्या आणि हंगामी सरकारच्या काळातली कर्जं झुगारली. इंग्रजी इतिहासग्रंथ त्याला रिप्यूडिएशन म्हणतात. तिजोरीत पैसे आहेत की नाहीत हा तिथे मुद्दाच नव्हता. ती राजवट आम्ही नव्हेच, हा होता.

ऑक्सफर्डच्या अमेरिकन कोशाकडे या शब्दापायी एक किस्साही जमा आहे. 2010 मध्ये अमेरिकन राजकारणी सारा पेलिन यांनी 'रिफ्यूडिएट' असा शब्द वापरला. रिफ्यूट आणि रिप्यूडिएट यांची खिचडी. ट्विटरवर हसं झालं, तेव्हा त्यांनी ते काढून त्या जागी 'रिफ्यूट' घातलं, आणि तेही बसेना, कारण न्यूयॉर्कमधल्या एका मशिदीच्या योजनेला लोकांनी विरोध करावा असं त्यांना म्हणायचं होतं. रिफ्यूट म्हणजे पुराव्याने खोडून काढणं. योजना खोडून कशी काढणार? न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने 'रिफ्यूडिएट'लाच त्या वर्षीचा शब्द म्हणून निवडलं आणि सांगितलं, की पेलिन यांच्या वाक्यांत रिफ्यूट किंवा रिप्यूडिएट दोन्ही नेमके बसत नाहीत, तिथे साधारण 'रिजेक्ट' असा अर्थ निघतो. कुणाची टिंगल न करता वाक्य समोर ठेवून अर्थ काढला, हे काम मला आवडलं. माझ्यापुरतं मी एवढं धरून ठेवते: डिनाय म्हणजे इन्कार करणे, रिफ्यूट म्हणजे खोडून काढणे, रिप्यूडिएट म्हणजे झुगारणे किंवा 'आपला संबंध नाही' म्हणणे. वर्तमानपत्री इंग्रजीत रिफ्यूट सर्रास नुसत्या इन्काराच्या अर्थाने येतो. त्यावर तावातावाने भांडणारे आहेत, मी त्यांच्यात नाही.

इंग्रजी-मराठी कोशांबद्दल न बोललेलं बरं, पण बोलते. माझ्याकडे आहेत त्यांत या शब्दापुढे 'नाकारणे, अमान्य करणे, त्याग करणे' अशी रांग आहे आणि कुठला कधी याचा पत्ता नाही. मराठी काही गरीब नाही हो! आरोप फेटाळता येतो, जबाबदारी झटकता येते, करार झुगारता येतो, प्रेम झिडकारता येतं, सल्ला धुडकावता येतो, आणि कार्यकर्ता भलतंच बोलून गेला की नेते कानांवर हात ठेवतात. यातलं प्रेम आणि सल्ला सोडले, तर उरलेल्या ठिकाणी इंग्रजीत रिप्यूडिएट शोभेल. कर्माप्रमाणे क्रियापद बदलायची आपली सवय इतकी पक्की आहे, की द्विभाषिक कोशाने रांग लावण्याऐवजी कर्मं दिली असती तर अर्ध्या ओळीत काम झालं असतं. मी माझ्या वहीत तशीच नोंद ठेवली आहे, आणि कुठलाही छापील द्विभाषिक कोश उघडण्याआधी ती उघडते.

संगणकाच्या करारांत हल्ली आणखी एक पाहुणा येतो: 'नॉन-रिप्यूडिएशन'. शिकणाऱ्यांच्या कोशांत तो शोधू नका, संगणक-सुरक्षेच्या शब्दसूचीत शोधा. डिजिटल सही पाठवणाऱ्याच्या खासगी किल्लीने, म्हणजे फक्त त्याच्याकडच्या गुप्त संकेताने, होते आणि जाहीर किल्लीने कुणालाही तपासता येते. त्यामुळे किल्ली त्याच्याच ताब्यात असेल तर 'हा संदेश माझा नाही' असं त्याला मागाहून म्हणता येत नाही. त्या गुणाला हे नाव. भाषांतराच्या एका ॲपने मला याचं 'न नाकारणे' करून दिलं होतं. मी पहिल्या ठिकाणी 'पाठवणाऱ्याला नंतर हात झटकता येऊ नयेत अशी व्यवस्था' असं लिहिते, शेजारी इंग्रजी शब्द देवनागरीत ठेवते, आणि पुढे करारभर तो इंग्रजी शब्दच चालवते.